बोललं की हात थांबते

"अंगठा आत घे. हां, असा. आता सांग, सासूनं यंदा पापड लाटले का आयते आनले?"

"सासू कायले लाटते, मावशी! तिचे हात दुखतात न."

"काहून? असं काय उचलते थे?"

"रिमोट!"

बाई स्वतःच्याच बोलण्यावर खळखळून हसली, आणि त्या हसण्यातच बांगडी पंजाच्या हाडावरून सरकून मनगटात जाऊन पडली.

"पाह्य आता हाताकडं."

"माय वं! गेली? मले तं समजलंच नाही."

वाशीमजवळच्या मालेगावच्या बाजारात बांगड्या भरणाऱ्या मनकर्णाबाईंचा सगळा धंदा या 'समजलंच नाही'वर उभा होता. काचेची बांगडी हातापेक्षा जरा लहानच असावी लागते. सैल बांगडी धुण्याच्या दगडावर आपटते आणि जाते. पण लहान बांगडी हाडावरून उतरवायची म्हणजे दुखणारच, आणि दुखणार हे कळलं की बाईचा हात लाकडासारखा होतो. कोणी त्यावर साबण लावतं, कोणी तेल. मनकर्णाबाई तोंड लावायच्या. डोळे गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर, जिभेवर सासू, नणंद, नवरा, शेजारीण, आणि खाली हात आपले आपण चाललेले, जणू ते दुसऱ्याच कोणाचे आहेत. बाई हसायला किंवा चिडायला लागली की तेवढ्या क्षणात अंगठ्याखालचा गादीसारखा भाग दाबायचा आणि बांगडी पार करायची.

"तेल हाताले लागते, गोष्ट मनाले लागते," असं त्यांच्या सासूबाई म्हणायच्या. "मन ढिल्लं झालं का हात ढिल्ला."

सासू गेली. बांगड्यांचे डबे सायकलला बांधून गावोगाव नेणारे यजमान, शालिग्राम, तेही गेले. मुलगा गणेश यानं बसस्टँडजवळ जनरल स्टोअर टाकलं. सून साधना ते सांभाळू लागली. मनकर्णाबाईंची बाजारातली सतरंजी मात्र त्याच कडुलिंबाखाली, त्याच जागेवर पडत राहिली.

पहिल्यांदा साधनाच्या लक्षात आलं ते स्वयंपाकघरात.

मनकर्णाबाई ज्वारीची भाकर थापत होत्या. साधनानं भाजी चिरता चिरता विचारलं, "आई, गॅस संपत आला वाटते. नंबर लावू का?"

थापणारे हात थांबले. दोन्ही पंजे भाकरीवर तसेच.

"हाव. लाव."

आणि हात पुन्हा सुरू झाले.

साधनाला वाटलं, विचार करत असतील. पण मग तुरीच्या शेंगा सोलताना तेच. कपड्याच्या घड्या करताना तेच. प्रश्न आला की हात थांबायचा, उत्तर गेलं की चालू व्हायचा. सुरुवातीला साधना गंमत म्हणून मुद्दाम विचारायची. "आई, आज वार कोनता?" हात थांबला. "आई, चहा ठेवू?" हात थांबला. एकदा त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "कायले वं सारखी इचारत राह्यते? मी काय टीव्हीवरची पाव्हनी हाओ?"

साधना हसली नाही. तिनं पाहिलं होतं की आपला हात थांबतो हे आईंना ठाऊकच नाही.

बाजारात ते लपून राहणं शक्य नव्हतं. तिथं हात थांबला की बांगडी हाडावर अडकून राहायची. अडकलेली बांगडी बाईला दुखायची. ती "आई गं" करायची, मनकर्णाबाई दचकायच्या, आणि थांबलेला हात एकदम सगळा जोर लावायचा.

कट्.

"मावशी, दुसरी फुटली."

"तसं नाही म्हनू, पोरी. वाढली म्हनावं."

"वाढली तं वाढली, पन माह्या हाताले लागलं न! हे पाह्य रगत."

मागं उभी असलेली तिची जाऊ म्हणाली, "चाल वं. बुढीचे डोये गेले. तिकडं दुकानात मशीनवानी सर्र भरून देतात."

डोळे गेले म्हणून मनकर्णाबाईंनी चष्मा बदलला. बोटं गेली म्हणून रोज सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बसल्या. दोन्हींनी काही झालं नाही. गणेश म्हणाला, "आई, आता बस झालं. दुकानात गल्ल्यावर बसत जा."

"गल्ल्यावर बसून काय करू?"

"काईच नको करू."

"थेच तं मले जमत नाही, बाप्पा."

शेवटी साधनानंच त्यांना एसटीत घालून वाशीमला नेलं. डॉक्टरीण तरुण होती, शांत होती. तिनं हात वाकवून पाहिले, बोटं नाकाला लावायला सांगितली, चालायला लावलं. मग म्हणाली, "आजी, उजवा हात मांडीवर ठेवा. पालथा, उताणा, पालथा, उताणा. असं करत राहा."

हात टपटप चालू लागला. छान चालला. मनकर्णाबाईंनी साधनाकडं पाहिलं, जणू म्हणाल्या, घे, आनलं उगाच एवढ्या दूर.

"आता हात थांबवायचा नाही, आणि मला भाज्यांची नावं सांगा. येतील तेवढी."

"भाज्यांची? वांगं. ढेमसं. गवार. चवळीच्या शेंगा, त्या आमच्याकडं लय होतात, आता नाही होत तशा, पन पह्यले व्हायच्या. कटुर्ले. अंबाडी..."

बोलता बोलता त्यांना साधनाचा चेहरा दिसला. साधना त्यांच्या मांडीकडं पाहत होती. त्यांनीही खाली पाहिलं.

हात उताणा पडला होता. भीक मागायला ठेवल्यासारखा.

"कवा थांबला हा?"

"वांग्यानंतर," डॉक्टरीण हळूच म्हणाली. "आजी, हाताला काही झालेलं नाही. थरथर नाही, ताठरपणा नाही, ताकद आहे. वय वाढलं की डोक्याला एका वेळी दोन कामं सांभाळायला जड जातं. काही जण चालता चालता बोलले की पावलं थांबवतात. तुमचा हात थांबतो. काही जणांना थोडं, काहींना जास्त. आपण लक्ष ठेवू, सहा महिन्यांनी पुन्हा या. तोवर एका वेळी एकच काम करत जा."

"एकच?"

"हो. हातानं काम करताना बोलायचं नाही."

मनकर्णाबाईंनी उताणा हात उचलून पदराखाली घेतला.

"बाई, तुमी दवाई लिहून द्या म्हनलं तं तुमी माहं अर्धं कामच काढून घेतलं."

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या आणि मालेगावपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. साधनानं विचारलं, "काय झालं, आई?" तर म्हणाल्या, "काई नाही. सराव करून राह्यलो."

सराव त्यांनी खरंच केला. पुढच्या बाजारी त्या मुक्यानं बांगड्या भरू लागल्या. हात सुरळीत चालले. पण बायकांचे हात लाकूड झाले. मान खाली घालून, ओठ आवळून हात दाबणारी कासारीण पाहून गिऱ्हाइकांना भरून घेतोय की इंजेक्शन घेतोय तेच कळेना.

"मावशी, सुनेशी वाजलं का?"

मनकर्णाबाईंनी नकाराची मान हलवली. हात चालूच.

"मंग तोंड काहून शिवलं? बाप्पा, दुखून राह्यलं न! बोल तं काई!"

बोलल्या असत्या तर बांगडी गेली असती, आणि न बोलल्यानं गिऱ्हाईक गेलं. सतरंजीवर बसणाऱ्या बायका कमी झाल्या. ज्या आल्या त्यांनीही बांगड्या विकत घेतल्या आणि म्हणाल्या, "पुडीत बांधून दे, घरी घालतो."

अशात इंझोरीहून भागिरथाबाई आल्या.

भागिरथाबाईंचे मालक पंजाबराव एसटीत कंडक्टर होते तेव्हा हे कुटुंब मालेगावात राहायचं. निवृत्त झाल्यावर ते इंझोरीला आपल्या शेतावर गेले. मनकर्णाबाई आणि भागिरथाबाई एकाच नळावर भांडून मैत्रिणी झाल्या होत्या.

"मनकर्णे, जिती हाएस न?"

"तू मेल्याबिगर मी कशी मरू? तुही काठी कोन धरन?"

"आमच्या पौर्णिमाचं जमलं," भागिरथाबाई सतरंजीवर पाय पसरून बसल्या. "पोरगा कारंज्याचा. उत्कर्ष नाव. शाळेत मास्तर हाए. पोट्टी वाशीमले नर्स, तं लग्नाले सुट्टीच देऊन नाही राह्यले. बरं थे सोड. लग्नाच्या आदल्या दिवशी तू येजो. चुडा तुह्या हातचा."

मनकर्णाबाईंनी समोरचा डबा उघडून पुन्हा लावला. मदतीला आलेली साधना डबे आवरत होती, तिचे हात थांबले.

"अवं, काय झालं? तिच्या मायचा तूच भरला. तिच्या आत्याचाही भरला. आता नातीनं काय मशीनवर भरावा?"

"इंझोरी दूर पडते, भागिरथे."

"मंगरूळले गाडी बदलली का आली. मी म्हातारी आलो न?"

नाही म्हणायला त्या क्षणाइतका चांगला क्षण नव्हता. पण मनकर्णाबाईंना दुसराच एक क्षण आठवत होता. शालिग्राम गेले, त्यानंतर पहिल्यांदा त्या बाजारात बसल्या, तो. ओळखीच्या बायका येत, उभ्यानं बोलत, हळहळत आणि हात पुढं न करताच जात. कोरड्या मनगटाची बाई सवाशिणीचा हात कसा धरणार? त्या दिवशी भागिरथाबाई गर्दीतून आल्या, याच सतरंजीवर बसल्या आणि दोन्ही हात पुढं करून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भर. आमच्यात असलं काई नाही. आमी ते सारं कवाच सोडलं. कोपरापावतर भर." त्यांच्यामागून दुसरी बसली, मग तिसरी.

"येतो," मनकर्णाबाई म्हणाल्या.

घरी साधना चिडली. "आई, तुमी काहून हाव म्हनलं? सांगून द्यायचं होतं."

"काय सांगू? माहा हात अन् माहं तोंड आता एका घरात राहत नाही?"

"तिच्या हाताले लागलं तं?"

"नाही लागू देत. मुकी राहीन. तू संग चाल. मी भरतो, तू बोल."

"मले कुठं येते बोलता?" साधना म्हणाली. "मी दुकानात भाव सांगतो तेवढंच."

इंझोरीच्या अंगणात मांडव पडला होता. वाऱ्यानं पंचशील झेंड्यांच्या माळा फडफडत होत्या. पौर्णिमा हळदीच्या अंगानं पाटावर बसली आणि भोवती बायकांचा गराडा पडला. उद्याच्या पांढऱ्या साडीवर हिरवा चुडा कसा उठून दिसेल यावर एकीचं दुसरीशी जमेना.

मनकर्णाबाईंनी पोरीचा पंजा दाबून पाहिला. रोज हात धुऊन धुऊन कोरडा झालेला, हाडाचा, रुंद हात. त्यांनी साधनाला 'दोन-चार' मापाचा डबा द्यायला लावला.

"दोन-सहाच घाला न, आजी," पौर्णिमा म्हणाली. "ड्युटीवर सैल बऱ्या."

मनकर्णाबाईंनी फक्त मान हलवली. सैल नाही.

डावा हात त्यांनी एकही शब्द न बोलता भरला. पौर्णिमानं ओठ चावले, पण ती नर्स होती, सोसलं. बायकांनी मात्र सोसलं नाही.

"कासारीनबाई मौनात हाए का काय?"

"ध्यान करून राह्यली असन. बुद्धाच्या घरी आली न!"

हशा पिकला. साधना घाईघाईनं म्हणाली, "पौर्णिमाताई, तुमची... तुमची ड्युटी किती वाजता असते?" यावर कोणीच हसलं नाही. पौर्णिमानं सभ्यपणे वेळ सांगितली.

उजवा हात सुरू झाला. हा जास्त आडमुठा. बांगड्या एकेक करून चढत होत्या. भागिरथाबाई काठी टेकत पुढं आल्या. त्यांना कालपासून जमलेल्या पाहुण्यांपुढं आपली मैत्रीण दाखवायची होती.

"मनकर्णे, हे काय लावलं? अवं, हिच्या मायच्या वेळी तू थे मुसळाचं सांगतलं होतं, तं बायका पडू पडू हासल्या. सांग न थे! नातीले इचार, नवऱ्याले काय म्हनते!"

मनकर्णाबाईंनी मान हलवली. हात चालूच.

"माह्याशी बोलत नाहीस का? काय चुकलं माहं?"

हे मात्र त्यांना सोसलं नाही. बांगडी हाडावर होती.

"तुहं काय चुकन, भागिरथे," त्या म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांचं अडलेलं तोंड मोकळं सुटलं. "पोरी, नवऱ्याले नावानं हाक मारशीन का 'अहो ऐकलं का' म्हनशीन? तुही आजी तं पंजाबरावाले डबलबेल म्हने, कंडक्टर होते न..."

बायका फुटल्या. पौर्णिमाही हसली. तिचा हात ढिल्ला झाला, अगदी हवा तसा. आणि नेमक्या त्या क्षणी मनकर्णाबाईंचा हात तिथं नव्हताच. तो थांबला होता. हसू ओसरलं, पौर्णिमाचा पंजा पुन्हा ताठ झाला, तेव्हा तो जागा झाला आणि त्यानं दाबलं.

कट्.

हसणं जिथल्या तिथं थांबलं. हिरव्या तुकड्यांमधून रक्ताची रेघ मनगटाकडं निघाली.

"वाढली," मागून कोणी तरी पुटपुटलं.

मनकर्णाबाईंनी तुकडा उचलला. आयुष्यात कधी तोंडातून न काढलेला शब्द त्यांनी काढला. "फुटली. माह्या हातानं फुटली."

"काई होत नाही," ओट्यावरून पंजाबराव मोठ्यानं म्हणाले. "काच हाए, फुटनारच. आपल्यात शकुन-अपशकुन मानत नाहीत. चालू द्या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. भागिरथाबाईंनीही डोलावली, पण त्यांचा चेहरा उतरला होता, आणि मनकर्णाबाईंना तो दिसला. त्या दिवशी बाजारात जो चेहरा कोणालाही भ्याला नव्हता, तो आज त्यांच्या हातामुळं भ्याला होता.

पौर्णिमानं स्वतःच कापूस दाबून धरला. "छोटं आहे, आजी. टाकाही लागणार नाही."

"साधना, तू भर राह्यलेल्या."

"मी? आई, मी कवा भरल्या? मी डबे विकतो!"

मनकर्णाबाई उठायला लागल्या. भागिरथाबाईंनी काठी आडवी धरली. "बस."

"भागिरथे, माहं आता बोललं की हात थांबते. डॉक्टरनं सांगतलं. मी तुले सांगाले पाह्यजे होतं."

भागिरथाबाई काठी टाकून पाटाशेजारी खाली बसल्या.

"म्हनून मुकी होय तू. अन् मले वाटलं, घमेंड आली." त्यांनी नाक पुसलं. "बोलू नको मंग. तुह्या साऱ्या गोष्टी मले पाठ हाएत. मी बोलतो. तू भर."

"ऐकलं तरी थांबन तं?"

"ऐकू नको."

आणि भागिरथाबाईंनी मुसळाचं सुरू केलं. वाईट सांगत होत्या. शेवट आधी सांगून टाकला, मग परत मागं गेल्या. तरी बायका हसू लागल्या, आधी भीतीनं, मग खरंच. मनकर्णाबाईंनी डोळे बांगडीवर रोवले. कान बंद करता येत नाहीत. त्यांनी मनातल्या मनात एकच शब्द धरला, हाड, हाड, हाड. आवाज दूर गेले, विहिरीतून आल्यासारखे. अंगठा आत. गादी दाबली. पार. पुढची. त्यांच्या पुढ्यात पौर्णिमाचं सगळं अंग हसण्यानं हलत होतं, आणि का हलतंय हे त्यांना कळत नव्हतं. एकेका बांगडीनं हात भरत गेला.

चुडा पुरा झाला. पौर्णिमा पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो ठेवून झाल्यावरच आशीर्वाद दिला.

परतीच्या गाडीत साधना म्हणाली, "काय हासल्या वं बाया शेवटी! मुसळानंतरचं थे कंदिलाचं तर... तुमची होय का थे गोष्ट?"

"कोनती?"

"आता सांगतली न भागिरथाबाईनं."

"मले नाही मालूम," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मी नव्हतो तिथं."

पुढच्या बाजारी सतरंजी पडली नाही. गणेशला बरं वाटलं. दुपारी दुकान रिकामं असताना मनकर्णाबाईंनी 'दोन-चार'चा डबा काढून साधनापुढं ठेवला आणि आपला हात पुढं केला. कोरडा, सुरकुतलेला. शालिग्राम गेल्यापासून त्यावर काच चढली नव्हती.

"भर."

"आई! तुमच्या हातात? लोक काय म्हनतीन?"

"शिकाले हात लागते. दुसरीचं रगत कायले काढायचं? माहं काढ."

साधनानं दाराकडं पाहिलं, मग हिरवी बांगडी घेतली. तिची बोटं घामेजली होती. बांगडी पंजावर आली आणि हाडाशी अडकली.

"दाबू का?"

"इचारू नको, दाब. अन् बोलत राह्य. सांग, सासू कशी हाए तुही?"

"सासू..." साधना म्हणाली, आणि तिचा हात थांबला.

मनकर्णाबाईंनी त्या थांबलेल्या हाताकडं पाहिलं. आपला हात बाहेरून असा दिसतो तर.

"नवा हाए अजून," त्या म्हणाल्या. "चालन. सांग न वं, कशी हाए?"

"लय बोलते," साधना म्हणाली, आणि घाबरत दाबलं.

दारात गणेश येऊन उभा राहिला होता. आईच्या मनगटाजवळ हिरवं काही पाहून त्याच्या चेहऱ्यावर जी भीती आली, ती मनकर्णाबाईंना दिसली. त्याच वेळी आवाज झाला. कट्.

मनकर्णाबाईंनी हाताला लागलेला तुकडा झटकला आणि हात तसाच पुढं धरून ठेवला.

"दुसरी घे," त्या म्हणाल्या.